फुगा समुद्रावरच होता

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "तुमच्या नोकरीतलं काहीतरी हलकंफुलकं लिहा ना, ते फुगे-बिगे." फुगे-बिगे! एकतीस वर्षं मी डहाणूत हवामान निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि तिचं सार काय, तर फुगे-बिगे. तेव्हा राग आला होता. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं. बाई खोटं काय बोलल्या? रोज सकाळी आकाशात फुगा सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभं राहायचं, याचाच तर मला पगार मिळत होता. हलकंफुलकं मात्र जमेलसं वाटत नाही. लिहायला बसले की एकच सकाळ डोळ्यांपुढे येते, आणि त्या सकाळी माझ्यासारख्या जुन्या बाईची मती कुठे गेली होती, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

आधी काम सांगते. वाऱ्याची दिशा कळायला छपरावरचा वातकुक्कुट पुरतो असं लोकांना वाटतं. अहो, तो फक्त छपरापुरता. वर एक किलोमीटरवर वारा वेगळा असतो, तीन किलोमीटरवर आणखी वेगळा. तो मोजायला आम्ही हायड्रोजन भरलेला पांढरा रबरी फुगा सोडायचो. फुगा ठरावीक वेगाने वर चढतो. गच्चीवर तिपाईवर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण. एकाने दुर्बिणीत फुगा धरून ठेवायचा आणि दर मिनिटाला कोन वाचायचे, दुसऱ्याने लिहून घ्यायचे. किती मिनिटं झाली यावरून फुग्याची उंची कळते, कोनांवरून तो किती सरकला ते कळतं, आणि सरकला त्यावरून त्या उंचीवरचा वारा. शाळेतलं गणित आहे, फार काही नाही. फक्त नजर हलवायची नाही. एक शिंक आली की फुगा गेला.

यातही लोक आमच्या डोक्याला ताप द्यायचे. डहाणूत रबरी फुग्यांचे कारखाने आहेत. त्यातले एक शेठ एकदा तणतणत आले. "आमच्या गावात एवढे फुगे बनतात, नि तुम्ही सरकारी लोक फुगा बाहेरून मागवता? आमच्या फुग्यात हवा राहत नाही काय?" वाढदिवसाचा फुगा आणि हा फुगा यातला फरक मी त्यांना अर्धा तास समजावला. जाताना ते टेबलावर शंभर फुग्यांचं पाकीट ठेवून गेले, "ट्राय तर करा, बेन!" म्हणून. दुसरे एक गृहस्थ तलासरीच्या पलीकडच्या पाड्यावरून आले, जीप आणि बस बदलून. पिशवीत आमच्या फुटलेल्या फुग्याचं रबर, नीट घडी घालून. शेतात पडलेला माल सरकारी आहे, ठेवून घेतला तर लचांड मागे लागायचं, म्हणून परत करायला आलेले. मी चहा दिला, तर विचारतात, "हा तुमचा फुगा आमच्याकडेच कसा काय येतो?"

प्रश्न चांगला होता. तलासरी आमच्या ईशान्येला. फुगा तिकडे जाऊन पडला म्हणजे वरचा वारा नैऋत्येकडून होता. वाऱ्याला नाव तो येतो तिकडचं द्यायचं, हे त्यांना मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मग भरपाई काय नाय ना द्यायची?"

आता आमच्या किनाऱ्याची एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं त्या सवयीमुळे झालं. रात्रभर जमीन गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. मतलई वारा म्हणतात तो. पण तो जेमतेम काहीशे मीटर उंचीचा. त्याच्यावर, मे महिन्यात, पश्चिमेचा वारा असतो. त्यामुळे सकाळचा फुगा काय करायचा? सोडला की आधी समुद्राकडे निघायचा, चार-पाच मिनिटांत वरच्या वाऱ्यात शिरला की थबकायचा, आणि मग उलटा फिरून आमच्या डोक्यावरून जमिनीकडे चालायला लागायचा. रोज. इतक्या नेमाने की तो वळायच्या वेळेला मी दुर्बीण आधीच वळवायला लागले होते. जगन मला हसायचा, "मॅडम, तुम्ही फुग्याच्या पुढे जाऊन उभ्या राहता."

जगन म्हणजे माझा मदतनीस. गॅस भरायचा, दोरा बांधायचा, मी वाचलेले आकडे लिहून घ्यायचा. वाढवणचा, मच्छीमाराच्या घरातला. त्याचे थोरले भाऊ वसंतभाऊ स्वतःच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे आणि खलाशांचे प्रमुख. जगनला समुद्र लागायचा, उलट्या व्हायच्या, म्हणून तो सरकारी नोकरीत आला. यावरून घरात त्याची यथेच्छ चेष्टा चालायची. पण भावावर त्याचा जीव फार. समुद्रात असले की वसंतभाऊ रोज सकाळी सातला मच्छीमार सोसायटीच्या बिनतारी सेटवर बोलायचे, आणि जगन सोसायटीतल्या माणसाला फोन करून निरोप द्यायचा-घ्यायचा. एवढ्या वर्षांत एकही सकाळ चुकली नसेल.

त्या मे महिन्यात हंगामाच्या शेवटच्या फेरीला वसंतभाऊ गेले होते, बरोबर पाच खलाशी. खाली दक्षिणेला समुद्रात एक वादळ होतं. पण ते लांब होतं आणि आणखी लांब, वायव्येला निघून जाईल असं आमचं खातं सांगत होतं. आमच्या भागाला तोवर काही इशारा नव्हता.

वादळ लांब आहे म्हणजे आपला त्याच्याशी संबंध नाही, असं मात्र नसतं. मोरीत बादली उपडी केली की जाळीपाशी पाणी गरगरतं, आणि पार कोपऱ्यातला साबणाचा फेसही हळूच फिरायला लागतो ना, तसं आहे हे. वादळ आजूबाजूची शेकडो किलोमीटरची हवा आपल्याभोवती फिरवायला लागतं. आपल्याकडे ती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. म्हणून वादळ नैऋत्येला असलं की इथे आमच्याकडे वारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून येतो, तोही नुसता खाली नव्हे, चांगला तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत. समुद्राचा रोजचा वारा बंद पडतो. वादळात वर चढलेली हवा बाहेरच्या बाजूला येऊन खाली उतरते, त्यामुळे ढग विरतात, ऊन चटचटतं, आणि किनाऱ्याजवळचं पाणी जमिनीकडच्या वाऱ्याने सपाट होतं. म्हणजे वादळ जवळ येत असताना दिवस असा छान दिसतो की विचारू नका. हे मी प्रशिक्षणाला आलेल्या कितीतरी मुलामुलींना फळ्यावर काढून शिकवलं होतं.

तर त्या सकाळी साडेपाचच्या सुमाराला फटफटत असताना आम्ही फुगा सोडला. आकाश स्वच्छ. फुगा समुद्राकडे निघाला. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन, चार. पाचव्या मिनिटाला मी सवयीप्रमाणे दुर्बीण उचलून जमिनीच्या बाजूला वळवली. फुगा दिसेना. इकडे शोध, तिकडे शोध. आणि सापडला! पूर्वेला, एक पांढरा गोल ठिपका, झकास. मी ओरडले, "धरला! लिही!"

जगन लिहीना. तो नुसत्या डोळ्यांनी पश्चिमेकडे बघत उभा होता. म्हणाला, "मॅडम, फुगा समुद्रावरच आहे. वळला नाय तो."

"अरे, मी दुर्बिणीत बघतेय त्याला!"

"पण मला तो तिथं दिसतोय. तो बघा, ताडाच्या शेंड्याच्या वर."

मी डोळा काढला नाही. डोळा काढला की फुगा जातो, हे आमचं पहिलं शिक्षण. मी म्हटलं, "तो बगळा असेल. गप रे, आकडे लिही." त्याने लिहिले. चाळीस मिनिटं मी त्या ठिपक्याचे कोन वाचले. इतका गुणी फुगा मी नोकरीत पाहिला नव्हता. हलत नाही, डुलत नाही, सावकाश, शहाण्यासारखा चढतोय.

खाली आल्यावर जगन दारातच घुटमळत राहिला. "मॅडम, सातला भावाचा सेट येईल. मी त्याला मागे फिर म्हणून निरोप देऊ काय?"

"का?"

"फुगा वळला नाय, म्हणजे वरपर्यंत पूर्वेचा वारा झाला. तुम्हीच शिकवता ना त्या पोरांना?"

आता काय सांगू! मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, आणि आला तो राग. मी म्हणाले, "वरचा वारा पश्चिमेचा आहे, रोजच्यासारखा. हे बघ आकडे. तू स्वतः लिहिलेत. वादळाचा इथवर काही परिणाम नाही. हंगामाची शेवटची फेरी आहे, उगाच त्यांना परत बोलावून त्यांचं नुकसान करू नकोस." तो कागदाकडे बघत राहिला. अक्षर त्याचंच होतं. मग म्हणाला, "तुम्ही बोलता तर बरोबरच असेल." आणि सात वाजता त्याने फोन केला नाही.

हिशेब करायला बसले तर विचित्रच. पाचव्या मिनिटापासून पुढे प्रत्येक उंचीवर वारा पश्चिमेचा आणि वेग जवळपास सारखा. तिथपासून वरपर्यंत एकच. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण वारा इतका टापटीप कधी नसतो. पण मला उलट बरं वाटलं. वरच्या कार्यालयाला संदेश पाठवून दिला.

साडेआठला जमिनीवरची नोंद घ्यायला गेले. वातकुक्कुट अजून पूर्वेलाच तोंड करून, आणि वारा वाढलेला. एरवी या वेळेला मतलई वारा मरगळतो. हवेचा दाब या वेळी चढता असतो, तो उतरलेला. तापमान भलतंच वर. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. खाली इतक्या उशिरापर्यंत वाढत चाललेला पूर्वेचा वारा, वर माझ्या कागदावर रोजच्यासारखा पश्चिमेचा, आणि दोन्हींचा मेळ लागेना. उपकरण बिघडलं म्हणावं तर एकाच दिवशी तीन बिघडतील? माझंच काही बिघडलंय की काय?

मग गच्चीवर गेले आणि दुर्बिणीतून पूर्वेच्या आकाशात शोधायला लागले. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. दहा-बारा मिनिटांनी तो सापडला. तोच पांढरा ठिपका. सकाळपेक्षा बराच वर चढलेला, तसाच स्वच्छ, तसाच शांत. आमचा फुगा तास-दीड तासात फुटतो. याला तीन तास झाले होते.

तो शुक्र होता.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात सांगतात, पहाटेच्या फुग्याला शुक्रापासून सांभाळा. उजाडत गेलं की तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो, पण दुर्बिणीत अगदी फुग्यासारखा दिसतो. नवख्यांनी तो धरला की आम्ही पोट धरून हसायचो. आणि मी, सगळ्यांत जुनी निरीक्षक, चाळीस मिनिटं एका ग्रहाचा वारा मोजत बसले होते. मला पश्चिमेचा वारा हवा होता, म्हणून मी पूर्वेला फुगा शोधला, आणि जे पहिलं सापडलं त्याला फुगा म्हटलं.

जिना उतरून खाली आले. जगनला सांगितलं. तो सरळ फोनकडे गेला. सोसायटीतला माणूस म्हणाला, वसंतभाऊ सातला सेटवर आले होते, सगळं ठीक म्हणाले, जगनचा काही निरोप आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर सेट बंद केला आणि आणखी बाहेर निघाले. नऊपासून तो माणूस हाका मारत राहिला. सेटवर नुसती खरखर. बोट सेटच्या टप्प्याबाहेर गेली होती. दुपारी इशारा आला, बंदरावर धोक्याचा बावटा चढला. वादळाने वाट बदलली होती.

त्या रात्रीचं आणि पुढच्या दोन दिवसांचं मी लिहिणार नाही. जमिनीवर पत्रे उडाले, वाड्यांमधून चिकूचा सडा पडला, ते सगळं पेपरात आलं होतं. वाढवणच्या त्या घरात काय चाललं होतं, ते पेपरात आलं नाही. तिसऱ्या दिवशी गुजरातच्या एका बंदरातून फोन आला. सहाही माणसं जिवंत होती. बोट बुडाली होती. दुसऱ्या बोटीवर ओढून घेताना वसंतभाऊंचा डावा हात दोन बोटींच्या मध्ये सापडला होता. हात राहिला, पण त्यातली ताकद गेली. ते पुन्हा समुद्रावर गेले नाहीत.

मी नऊ वाजता चुकीची दुरुस्ती पाठवली होती, खुलासाही लिहिला होता, खरं काय ते. वाटलं, चौकशी होईल, मेमो येईल. काही झालं नाही. वरच्या साहेबांनी फोनवर समजूत काढली, "अहो, तुमचा तो संदेश कोणी वापरलाच नाही. उपग्रहावरून सगळं दिसतंच की आता. शुक्र काय, आम्हीही धरलाय तरुणपणी." आणि हसले. म्हणजे माझ्या त्या वाऱ्यावर अख्ख्या जगात एकट्या जगनने विश्वास ठेवला होता. साहेबांचं ऐकून हलकं वाटावं की रडावं, मला कळेना. मी नुसतं "हो सर" म्हटलं.

जगनने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढे आम्ही दोघांनी किती सकाळी फुगे सोडले! तो आकडे लिहायचा, मी वाचायचे. फक्त दुर्बीण वळवताना मी विचारायचे, "कुठे आहे रे?" आणि तो बोट दाखवायचा. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. त्याने घरी काय सांगितलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

ते कळलं मी निवृत्त झाले तेव्हा. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला वसंतभाऊ मुद्दाम आले. एका हाताने पिशवी पुढे केली, सुके बोंबील आणलेले. म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार आहेत. जगनने सांगितलंय मला. त्या दिवशी तुम्ही मला मागे बोलवायचा निरोप दिला होतात. मीच मेला घाईवर. सेट पाच मिनिटं चालू ठेवला असता तर निरोप मिळाला असता. घरवाली अजून बोलून दाखवते, तुम्हाला नेहमीच घाई. बरोबर आहे तिचं. चुकी माझी."

मी जगनकडे पाहिलं. तो खुर्च्या लावत होता, त्याने वर बघितलंच नाही. मी बोंबील घेतले. "अहो, कशाला आणलंत," असलं काहीतरी बोलले. लोक फोटो काढायला बोलवत होते, आणि मी गेले. गेले! वादळाच्या सकाळची चूक एकवेळ डोळ्यांची म्हणता येईल. ही कसली म्हणायची?

नंतर जगनला फोन करून म्हटलं, "का खोटं सांगितलंस?" तो म्हणाला, "तुमचं नाव आलं असतं, मॅडम. आणि माझं पण. फोन तर मीच केला नाय ना. आता भाऊ शांत आहे, राहू द्या." मला त्याचंही पटलं आणि तरी गप्प बसणं मनाला पटेना. असे दिवसांवर दिवस गेले. शांत कुठला, तो माणूस माझी माफी मागून गेला होता.

हा लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं की आधी तोंडाने सांगायचं, मग छापायचं. जगनला तसं कळवलं. तो म्हणाला, "जा तुम्ही. मी पाठोपाठ येतो." डहाणू रोडवरून रिक्षा केली आणि गेले वाढवणला. होऊ घातलेल्या बंदराला विरोध करणाऱ्या फलकाशेजारी, ओट्यावर बसून वसंतभाऊ जाळं विणत होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, उजवा हात चालू. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा. आधी ऐकून घ्या."

आणि सांगितलं. फुगा, दुर्बीण, शुक्र, जगनने मागितलेली परवानगी, मी दिलेला नकार. निरोप निघालाच नव्हता, हे सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, जाळ्याकडे बघत होते. वाटलं होतं, ओरडतील. हाकलून देतील. माझी तयारी होती.

ते ओरडले नाहीत. सुई हातातच राहिली. त्यांनी विचारलं, "म्हणजे सात वाजता सेटवर माझ्यासाठी काय नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी आणखी पाच मिनिटं थांबलो असतो तरी?"

"तरीही नाही. अर्धा तास थांबला असतात तरी नाही."

त्यांनी जाळं बाजूला केलं आणि आतल्या बाजूला तोंड करून बायकोला मोठ्याने हाक मारली. त्या हात पुसत बाहेर आल्या, मला ओळखून "या, बसा" म्हणाल्या. वसंतभाऊंनी त्यांना थांबवलं. मला म्हणाले, "परत सांगा, मॅडम. पहिल्यापासून सांगा. हिला ऐकू द्या."